तिसऱ्या डोसाचा रकाना

मागे एकदा एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, तपासणीची तयारी म्हणून वॉर्डातल्या नोंदवह्या काढून बसले होते, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची वही हाती आली. रुग्णालयात रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला हिपॅटायटिस बी या काविळीची लस दिली जाते. सुई टोचण्याचा धोका आमच्या कामात रोजचाच असल्यामुळे या बाबतीत तडजोड नसते. पहिला डोस रुजू होताच, दुसरा महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, असा तिचा क्रम आहे. वहीच्या प्रत्येक पानावर त्यासाठी तीन रकाने आखलेले आहेत. पहिला रकाना तारखांनी गच्च भरलेला होता, दुसऱ्यात मधूनमधून मोकळ्या जागा होत्या आणि तिसरा, काही पाने सोडली तर, वरपासून खालपर्यंत कोरा होता. लस संपली नव्हती आणि कोणी विसरलेही नव्हते. सहावा महिना उजाडायच्या आत त्या मुली आमच्याकडे राहिलेल्याच नव्हत्या.

मी बेळगावातल्या एका खाजगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इनचार्ज सिस्टर आहे. या पेशात मला सतरा वर्षे झाली, त्यांतली शेवटची सात इनचार्ज म्हणून. रुग्णालयाचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, अगदी कोल्हापूरपर्यंतच्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा सगळ्यांच्या वह्या थोड्याफार फरकाने सारख्याच निघतात. आमच्या वॉर्डात ३० खाटा आहेत. सामान्य वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण आपल्याकडे सर्वसाधारणपणे धरले जाते, म्हणजे एका पाळीला पाच आणि तीन पाळ्यांना पंधरा. साप्ताहिक सुट्टी, रजा आणि आजारपण यांसाठी तीस टक्के जादा माणसे धरायची म्हटली की हा आकडा एकोणीस-वीसच्या घरात जातो. कागदावर आमच्याकडे १३ आहेत आणि त्यांतल्या पाच जणींना रुजू होऊन सहा महिनेही झालेले नाहीत. त्यामुळे रात्रपाळीला दोघी असल्या तर त्यांतली एक बहुधा नवीनच असते, आणि तीस रुग्णांचा वॉर्ड सकाळपर्यंत दुसऱ्या एकटीच्या जिवावर चालतो.

जाणाऱ्या मुलींवर मला रागावता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर निर्णय देताना खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले होते. त्या समितीच्या शिफारशींनुसार ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याचा पगार २०,००० रुपयांपेक्षा कमी असू नये, ५० ते १०० खाटा असतील तर तो सरकारी परिचारिकेच्या पगाराहून २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी असू नये, १०० ते २०० खाटांना ही तफावत १० टक्क्यांच्या आत असावी आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतकाच पगार द्यावा, असे ठरले. शिफारशी अमलात आणण्याचे काम राज्यांकडे गेले. केरळने २०१८ साली किमान २०,००० रुपयांची अधिसूचना काढली. आपल्या भागात नव्या मुलीच्या हातात पहिल्या महिन्याला किती पडते, हे तिच्या फीसाठी सोसायटीचे कर्ज काढणाऱ्या वडिलांना विचारावे. ते आकडा सांगतात आणि दुसरीकडे बघतात.

पगाराच्या जोडीला बाकीच्या वाटाही खुल्या असतात. आखाती देशांतल्या नोकरीसाठी बहुतेक ठिकाणी दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला मागतात, म्हणून मुली कॅलेंडरवर खुणा करत दोन वर्षे काढतात आणि त्याच काळात प्रोमेट्रिकची, म्हणजे तिकडच्या परवान्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करतात. अलीकडे जर्मन भाषेचे वर्ग लावणाऱ्याही दिसतात. रात्रपाळीत तीन वाजता, वॉर्ड जरा शांत झाल्यावर, मेडिसिन ट्रॉलीवर पुस्तक ठेवून जर्मन क्रियापदे घोकणारी मुलगी मी पाहिली आहे आणि तिला टोकण्याचे धाडस मला झालेले नाही. आपल्या सीमाभागात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. कन्नड चांगले येणारी मुलगी कर्नाटकच्या भरतीचा अर्ज भरते, तर महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतली मुलगी महाराष्ट्राच्या भरतीचाही भरू शकते. दोन्ही भाषा येणारी दोन्हीकडे भरते, आणि तिने का भरू नये? मात्र महाराष्ट्रात काम करायचे तर तिथल्या नर्सिंग परिषदेत नाव नोंदवावे लागते आणि त्यासाठी कर्नाटकच्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यामुळे एखादी मुलगी डबा खाताना सहज विचारल्यासारखे करून "एनओसीला किती दिवस लागतात ओ सिस्टर?" असे म्हणाली की पुढच्या रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यात, तिचे नाव पेन्सिलने लिहायचे, हे मला कळून चुकते.

लग्न होऊन जाणाऱ्या वेगळ्या. बसमुळे जाणाऱ्या त्याहून वेगळ्या, आणि त्यांच्याविषयी कुठल्याच अहवालात काही येत नाही. सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातून, शिनोळी, तुडये, पाटणे फाटा या बाजूने येणाऱ्या मुलींची पाळी रात्री आठला सुरू होते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, की २०२२ च्या डिसेंबरात झाले तशा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात, आणि मग आधीच्या पाळीतली मुलगी बारा-बारा तास उभी राहते. दोनदा असे झाले की घरातून फोन येतो, चंदगडातच एखाद्या दवाखान्यात बघ म्हणून.

असो. कोणी का जाते हे मला समजते. ती गेल्यावर जी नवी येते तिला तयार करण्याचे काम कोण करते, ते कोणत्या वेळात करते आणि त्याचा हिशेब कोण ठेवते, हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतले.

व्यवस्थापनातल्या एका साहेबांनी मला एकदा विचारले होते की मुली तीन-चार वर्षे शिकून येतात, तर पुन्हा शिकवायचे काय असते. प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता, त्यांना खरोखरच माहीत नव्हते. मी जीएनएम ही परिचर्येची पदविका केली तेव्हा तो अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. पुस्तकी ज्ञानात आजच्या मुली आमच्या पुढे आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण काही कॉलेजांतल्या मुलींना शिकताना पुरेसे रुग्णच पाहायला मिळालेले नसतात, आणि कोविडच्या दोन वर्षांत शिकलेल्यांनी तर पहिली शीर पुतळ्याच्या रबरी हातातच शोधलेली होती. पुतळ्याची शीर पळत नाही. उन्हात राबलेल्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याची शीर दोरीसारखी टणक असते आणि सुई लागताच बाजूला सरकते. तिला अंगठ्याने खालून ताणून धरायचे असते, आणि ते ताणणे किती हे शब्दांत सांगता येत नाही. हातावर हात ठेवूनच दाखवावे लागते.

इन्सुलिनचे उदाहरण घेते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याच्या सिरिंजचे टोपण लाल असते. पेनमध्ये घालायच्या काडतुसातले इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचे असते, आणि १०० च्या सिरिंजचे टोपण नारिंगी. हे पुस्तकात आहे आणि परीक्षेत विचारलेही जाते. आता संध्याकाळची सात वाजताची वेळ घ्या. जेवणाच्या गाड्या आल्या आहेत, सात रुग्णांना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचे आहे, एका रुग्णाने पेनाचे काडतूस घरून आणले आहे आणि पेन घरीच राहिले आहे. रुजू होऊन अकरा दिवस झालेल्या एका मुलीने त्या काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले. त्या खुणेशी अर्धा मिलिलिटर मावते, म्हणजे २० च्या जागी ५० युनिट, अडीच पट. शेजारच्या खाटेशी उभ्या असलेल्या जुन्या सिस्टरचे लक्ष काडतुसाकडे गेले म्हणून ते औषध कचऱ्यात गेले. त्या सिस्टरला त्या वेळी तिथे उभे राहण्याचे खरे म्हणजे कारण नव्हते. तिचे स्वतःचे आठ रुग्ण पलीकडच्या ओळीत होते. ती नव्या मुलीवर अर्धा डोळा ठेवून होती, इतकेच.

हा अर्धा डोळा म्हणजेच आमचे प्रशिक्षण. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या या पट्ट्यात कीटकनाशक प्यायलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. आयसीयूतून वॉर्डात आलेला असा रुग्ण चांगला बोलतो, चहा मागतो आणि घरचे लोक सुस्कारा सोडतात. पण ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिल्या एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू हळूहळू दुबळे पडू शकतात, आणि ऑक्सिजनचे यंत्र काही दाखवायच्या आधी त्याची चाहूल मानेला लागते. म्हणून दर फेरीला रुग्णाला सांगायचे, "उशीवरनं मान उचलून दाखवा बघू." काल उचलत होता आणि आज उचलत नाही, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवायचे. ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा चालू असेल तर नाडी आणि बाहुल्या पाहायच्याच, शिवाय काखेत हात घालून ती कोरडी आहे का हेही पाहायचे. काखेत हात घालायला नव्या मुली लाजतात. लाज जायला एक आठवडा लागतो, आणि आपण काय शोधतो आहोत हे बोटांना कळायला काही महिने. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीतून सर्पदंशाचे रुग्ण येतात, तेव्हा रक्त गोठते की नाही हे पाहायची वीस मिनिटांची चाचणी कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीतच करायची असते. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही, आणि मध्येच हलवून बघायचे नसते. दर जूनमध्ये कोणीतरी एक जण पाचव्या मिनिटाला नळी हलवून बघतेच.

भाषेचा भाग तर शिकवण्याच्या कुठल्याच यादीत नसतो. आमच्याकडे रुग्ण मराठी, कन्नड, हिंदी आणि अधूनमधून कोकणी बोलतात. मुली येतात त्या काही बेळगाव-खानापूरच्या, काही गोकाक, जमखंडी, विजयपुराच्या बाजूच्या, क्वचित केरळच्या. खानापूर तालुक्यातली एक आजी रात्री अडीचला सारखे म्हणत होती की ऊर जड झालाय, ऊर भरून आलाय. ड्यूटीवरची मुलगी विजयपुराकडची होती आणि कन्नडमध्ये 'ऊरु' म्हणजे गाव. तिने आजीच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी दिले आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "अक्का, अज्जी ऊर ऊर अंतार, गावाची आठवण येते त्यांना." त्या रात्री योगायोगाने माझी फेरी होती. ईसीजी काढला तेव्हा आजीला गावाची आठवण येत नव्हती हे स्पष्ट झाले आणि पंधरा मिनिटांत त्यांना हृदयविभागात हलवले. त्या मुलीला मी रागावले नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी गोकाकच्या एका गृहस्थांनी "एदी उरी" म्हटले होते, आणि त्यातल्या 'उरी'चा अर्थ मराठी समजून मी त्यांना उरात काहीतरी होते आहे असे धरले होते. कन्नडमध्ये ते छातीतल्या जळजळीला म्हणतात. त्या वेळी दोन्ही अर्थ एकाच जागी येऊन पडले म्हणून माझी चूक झाकली गेली, एवढेच.

आता रोस्टरकडे येते, कारण माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. नवी मुलगी सोमवारी रुजू होते. दोन दिवस तिला सभागृहात बसवून आगीची सूचना, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-निळ्या-पांढऱ्या डब्यांचे नियम आणि हजेरीचे यंत्र समजावतात. गुरुवारी ती वॉर्डात येते, आणि गुरुवारपासूनच रोस्टरमध्ये तिच्यासमोर 'एक' असा आकडा पडतो. खरे तर त्या दिवशी ती शून्य असते, आणि तिला सांभाळणारी सिस्टर स्वतःचे आठ रुग्ण बघून तिचेही सहा बघत असल्यामुळे एकाची अर्धी झालेली असते. कागदावर पाळीला चार जणी दिसतात आणि वॉर्डात अडीच असतात. कॉम्पिटन्सी चेकलिस्ट नावाचा चार पानी तक्ता असतो. त्यात कॅन्युला (शिरेत बसवायची सलाईनची नळी) लावणे, औषध देणे, नळीतून भरवणे, रक्त चढवताना निरीक्षण करणे अशा प्रत्येक कामापुढे 'पाहिले', 'देखरेखीखाली केले' आणि 'स्वतंत्रपणे केले' असे रकाने असतात आणि प्रत्येकावर शिकवणारीची सही लागते. सह्या होतात. बऱ्याचदा पाळी संपल्यावर, बसची वेळ बघत, एका दमात होतात. मीही तशा केल्या आहेत आणि ते लिहिताना मला बरे वाटत नाही.

अमेरिकेतल्या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात परिचारिकेच्या घडणीचे नवशिकी ते निष्णात असे पाच टप्पे मांडले. त्यांतला मधला टप्पा, म्हणजे जिथे परिचारिका स्वतःच्या कामाची आखणी स्वतः करू लागते, तो त्यांच्या मते एकाच तऱ्हेच्या कामात साधारण दोन-तीन वर्षे काढल्यावर येतो. आखातासाठी लागणारा दाखलाही दोन वर्षांचाच. म्हणजे मुलगी जेमतेम उभी राहते आणि त्याच सुमारास तिची बॅग भरलेली असते. हे गणित कोणी कट करून जुळवलेले नाही, पण जुळले आहे खरे.

आमच्या वॉर्डात एक ब्रदर होता, अथणी भागातला. सहा वर्षे राहिला. शीर मिळत नसेल तर बालरुग्ण विभागातूनही त्याला बोलावणे यायचे. कन्नड त्याची मातृभाषा, पण मराठी अशी बोलायचा की रुग्ण त्याला गाव विचारायचे. शिकवायला चांगला, म्हणून प्रत्येक नवी मुलगी आम्ही त्याच्याच पाळीला लावायचो. एका वर्षात त्याने नऊ जणांना तयार केले आणि त्यांतले सात वर्षाच्या आत गेले. नंतर त्याने राजीनामा दिला. मला वाटले परदेश, नाहीतर सरकारी नोकरी. तो शहरातल्याच एका डायलिसिस केंद्रात गेला, जवळपास त्याच पगारावर. शेवटच्या दिवशी चहा पिताना मी विचारले, तेव्हा म्हणाला, "अक्का, काम जड झालं नव्हतं. तेच तेच पहिल्यापासनं सांगायचं जड झालं. तिथं रोज तीच माणसं येतात, तेच मशीन. कुणाला काय सांगायचं नाही." त्याच्या राजीनाम्याच्या अर्जात कारणासमोर 'वैयक्तिक' असे लिहिले होते आणि दप्तरी तेच राहिले. जाणाऱ्यांमुळे राहणारेही जातात, ही गोष्ट त्या एका शब्दात कोणाला वाचता येणार? त्याच्या जागी दोन नव्या मुली मिळाल्या, म्हणून त्या महिन्याच्या अहवालात आमच्या वॉर्डाची संख्या एकाने वाढलेली दिसली.

यावर उपाय म्हणून बाँड लिहून घ्यावा, असे दरवर्षी कोणीतरी सुचवते. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेण्याची पद्धत होती, अजूनही ऐकू येते. मला ते मुळीच मान्य नाही. प्रमाणपत्र अडकले म्हणून थांबलेली मुलगी वॉर्डात असते पण कामात नसते, आणि अशा मुलीच्या हाती, जरा चुकली तर जीव घेणारी, पोटॅशियमची सिरिंज देण्यापेक्षा मी ती पाळी स्वतः करीन. शिवाय, ज्या पगारावर मुलगी स्वतःहून थांबत नाही त्या पगारावर तिला कुलूप लावून थांबवायचे, याला दुसरे काही नाव द्यावे लागेल.

गेल्या वर्षी मी मेट्रन मॅडमकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, एक वेगळी मागणी केली. नव्या मुलींना पहिले पंधरा दिवस रोस्टरच्या आकड्यात धरू नये, त्यांची नावे खाली रेघ मारून वेगळी लिहावीत, आणि ज्या सिस्टरला शिकवायला दिले आहे तिला त्या काळात आठऐवजी चार रुग्ण द्यावेत. मॅडम स्वतः रात्रपाळ्या करून वर आलेल्या आहेत, त्यांनी लगेच मान्य केले. वरच्या मजल्यावर दोन बैठका झाल्या. मी हिशेब मांडून नेला होता: एका मुलीच्या मागे जुन्या सिस्टरचे किती तास जातात, डबल ड्यूटीचा भत्ता किती होतो, फुकट गेलेल्या कॅन्युला किती. कॅन्युलांचा आकडा त्यांना पटकन पटला, तासांचा पटला नाही, कारण तास तसेही पगारात धरलेलेच असतात, असे त्यांचे म्हणणे पडले. तरी पंधरा दिवसांची परवानगी मिळाली. पहिल्या तुकडीच्या वेळी ती नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी दोघींना डेंग्यू झाला, एकीच्या घरी मयत झाली, आणि रेघेखालची नावे मीच माझ्या हाताने रेघेवर घेतली. दुसऱ्या तुकडीला बारा दिवस मिळाले. फरक दिसला, म्हणजे निदान रात्रीचे फोन कमी झाले आणि एक मुलगी तिसऱ्याच आठवड्यात रडत घरी जायची राहिली. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

दुसरी एक गोष्ट परवानगीशिवाय केली. नर्सिंग स्टेशनवर एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात रुग्ण काय बोलतात ते जसेच्या तसे लिहायचे आणि शेजारी दुसऱ्या भाषेत अर्थ द्यायचा. 'गरगरतंय' आणि 'तली सुत्त', 'कसंतरी होतंय', 'जीव घाबरा झालाय', 'पोट दुखतंय' आणि 'हॉट्टी नोव'. 'ऊर' हा शब्द पहिल्या पानावर लाल शाईने आहे. वहीत कन्नड मुली मराठी शब्द लिहितात आणि मराठी मुली कन्नड. अक्षरे बदलत जातात, त्यामुळे ती चाळली की कोण कधी होती हे कळते. काही पानांवर चित्रेही आहेत, ती का काढली हे मला माहीत नाही. ब्रदरने सोडून जाण्याच्या आदल्या आठवड्यात दोन पाने भरली होती. त्यांत मान उचलायला सांगण्याचे वाक्य त्याने तिन्ही भाषांत लिहिले आहे.

लसीकरणाच्या वहीचे काय करायचे, हा प्रश्न राहिलाच होता. आता मी राजीनामा दिलेल्या मुलीला अनुभवाच्या दाखल्यासोबत एक चिठ्ठी देते. तिच्यावर दोन डोसांच्या तारखा आणि तिसरा कधी घ्यायचा ती तारीख असते, आणि घेतल्यावर कार्डाचा फोटो पाठव असे सांगते. आतापर्यंत चौघींनी पाठवला. एक मस्कतहून, एक पुण्याहून, दोघी गोव्याहून. त्यांच्या रकान्यात मी 'अन्यत्र घेतला' असे लिहून तारीख घातली. तपासणीला आलेल्या बाईंनी त्या नोंदीवर बोट ठेवून विचारले की नोकरी सोडलेल्यांची नोंद कशासाठी ठेवता. मला नीट उत्तर देता आले नाही. रकाना आहे म्हणून, असे काहीतरी मी म्हणाले.

या सोमवारी तिघी रुजू झाल्या. दोघी नुकत्याच पास झालेल्या. तिसरी हुबळीकडच्या एका रुग्णालयात दोन वर्षे काम करून, नवऱ्याची बदली झाली म्हणून इकडे आलेली. गुरुवारी तिने पहिली कॅन्युला लावली आणि वर चिकटपट्टी लावायच्या आधी तिच्यावर तारीख, वेळ आणि आपली आद्याक्षरे लिहिली. नंतर नळीला हातावरच एक वळसा देऊन ती पट्टीखाली घेतली, म्हणजे रुग्ण कुशीवर वळला तरी ओढ बसत नाही. हे कोणत्याही पुस्तकात नाही. मी विचारले कोणी शिकवले, तर म्हणाली, "आमच्या तिथल्या इनचार्ज होत्या. वळसा नसला की परत काढून लावायला सांगायच्या." मग मी लसीची वही काढली आणि पहिल्या डोसासाठी तिचे नाव लिहू लागले, तेव्हा तिने पर्समधून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. तिन्ही डोस झालेले होते. तिसऱ्यासमोर निळ्या शाईत एक सही होती, घाईत केलेली, आणि खाली शिक्का पुसट झाला होता. मी ती दोनदा उजेडात धरून पाहिली, पण नाव काही लागले नाही.